लाल टोपी, नारिंगी टोपी

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या तीन मुली सध्या संध्याकाळी माझ्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी येतात. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, त्यांना घडाघडा येतं. परवा ओट्यावर इन्सुलिनच्या दोन रिकाम्या सिरिंज ठेवल्या आणि म्हटलं, "दोन्हींत दहाच्या रेघेपर्यंत पाणी ओढा." ओढलं. शेजारी शेजारी धरल्यावर एकीचे डोळे मोठे झाले. "मावशी, हे सारखं कुठेय?"

नाहीच. लाल टोपीची सिरिंज एमएलला 40 युनिट असलेल्या बाटलीसाठी, नारिंगी टोपीची 100 वाल्या बाटलीसाठी. लालमधले दहा म्हणजे पाव एमएल, नारिंगीतले दहा म्हणजे 0.1 एमएल. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरलंत, तर अंगात 25 युनिट जातात. उलट केलंत तर चारच.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका रात्रपाळीला, ग्लार्जिन हे दिवसभर पुरणारं इन्सुलिन मी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं. ट्रेमध्ये तीच होती. डॉक्टरांची ऑर्डर 18 युनिटची, जाणार होते 45. सोबतच्या केरळच्या सीनियर सिस्टरनी माझं मनगट धरलं आणि बाटलीवरच्या 100 वर नुसतं बोट ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून आधी बाटलीवरचा आकडा, मग टोपीचा रंग, मग रेघ. बाटली फ्रिजमधून काढताना, औषध ओढताना आणि परत ठेवताना, अशी तीनदा वाचा. ग्लार्जिन आणि रेग्युलर (जेवणाआधीचं साधं इन्सुलिन) दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, त्यामुळे औषधाच्या रंगावर जाऊ नका. ग्लार्जिनमध्ये दुसरं इन्सुलिन मिसळायचं नाही. एनपीएच (सावकाश काम करणारं इन्सुलिन) किंवा 30/70 (रेग्युलर आणि एनपीएचचं मिश्रण) गढूळ असतं. ते दोन्ही तळव्यांत हळूच फिरवा, खळखळ हलवू नका.

ऑर्डरमध्ये 'युनिट'ऐवजी नुसता इंग्रजी 'यू' असेल तर डॉक्टरांकडून पूर्ण शब्द लिहून घ्या. घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो, आणि 10 चे 100 होतात. डॉक्टर चिडले तर चिडू द्या.

दुसऱ्या सिस्टरला दाखवताना "अठरा आहे ना?" असं विचारू नका, ती मान डोलावणारच. सिरिंज, बाटली आणि ऑर्डर तिच्या हातात द्या, आकडा तिने स्वतः वाचून सांगावा. पेशंटचंही तेच. "आप शर्माजी?" म्हटलं की झोपेतला माणूस "हाँ" म्हणून मोकळा होतो, आणि वॉर्डात शर्मा दोन असतात. "पूरा नाम बताइए" म्हणा आणि हातातल्या पट्टीशी ताडून बघा.

आता खाण्याचं. रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास, झटपट काम करणारी लिस्प्रो-अ‍ॅस्पार्ट ताट समोर आल्यावर. आपल्याकडे नातेवाईक "पोहे-जलेबी आ ही रही है" म्हणतात आणि माणूस राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो. त्या पोह्यांच्या भरवशावर सुई टोचू नका. आधी शुगर बघा. 70 एमजी/डीएलच्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा, डॉक्टरांना कळवा. पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

टोचायची जागा रोज थोडी सरकवा, बेंबीच्या अगदी जवळ नको. सुईवर टोपी परत घालायची नाही. थेट धारदार वस्तूंच्या पांढऱ्या डब्यात. नोंद इन्सुलिन दिल्यावर लगेच करा, आधी कधीच नाही.

आणि बाटली उघडलीत की तिच्यावर पेनने तारीख घाला. 28 दिवसांनी ती काढून टाकायची, थोडं उरलंय म्हणून ठेवायची नाही. इंदूरच्या मे महिन्यात तर ती ट्रेमध्ये उन्हाशेजारी ठेवून चहाला जाणाऱ्या मुलीला मी परत बोलावते.