अर्धवट ओळखीचे इंग्रजी शब्द पक्के करण्याची रीत

इंग्रजीचा शब्दसंग्रह प्रगत करायचा म्हटले की अनेक जण दुर्मीळ शब्दांची यादी घेऊन पाठांतराला बसतात आणि थोड्याच दिवसांत ती यादी मागे पडते. माझ्या मते सुरुवात अनोळखी शब्दांपासून करूच नये. वाचताना ज्यांचा अर्थ अंदाजाने लागतो, पण लिहिताना जे आठवत नाहीत, ते अर्धवट ओळखीचे शब्द आधी हाती घ्यावेत. रोज एखादा गंभीर लेख वाचावा आणि त्यातील असे चार-पाच शब्द निवडावेत. निवडीस आधार हवा असल्यास भाषाशास्त्रज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ पाहावी. सर्वाधिक वापरातील सुमारे 2000 शब्दकुले (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे यांचे गट) वगळून, विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी 570 शब्दकुले तीत दिलेली आहेत.

वहीत शब्दासमोर केवळ मराठी अर्थ लिहू नये; तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य उतरवून घ्यावे, कारण शब्दाची सोबत कळल्याखेरीज तो वापरता येत नाही. मराठीत अंधार मिट्ट असतो आणि ऊन रणरणते. याची अदलाबदल केली तर ऐकणारा हसेल. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो, वारा मात्र ‘स्ट्राँग’. ‘कॉज’ या क्रियापदाचा कोशातील अर्थ ‘घडवून आणणे’ इतकाच दिसतो, परंतु प्रत्यक्षात त्याच्यापुढे बहुधा नुकसान, विलंब, अपघात अशाच गोष्टी येतात. म्हणून शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला, भरपूर उदाहरणवाक्ये देणारा इंग्रजी-इंग्रजी कोश वापरावा.

शब्दाचा थरही ओळखावा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट उचल केली, आणि त्यामुळे एकाच अर्थाच्या आसपास दोन-तीन शब्द नांदू लागले. ‘आस्क’ हा जुना घरगुती शब्द, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमार्गे आलेला, तर ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधला. शेवटच्या शब्दाला पोलिसी चौकशीचा वास येतो. आपल्याकडे पाणी आणि जल यांत असाच भेद आहे. तहान लागल्यावर आपण पाणी मागतो, सिंचन मात्र जलाचे होते. समानार्थी कोशातून शब्द उचलताना हा भेद विसरला की लेखन अवघडून जाते. साधे ‘यूझ’ पुरेसे असताना ‘यूटिलाइझ’ लिहिण्याने कोणी प्रगत होत नाही.

शब्दांचे मूळ धातू लक्षात ठेवण्याचा उपयोग होतो, पण तो स्मरणापुरता. लॅटिनमधून आलेला ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे हे कळले की ‘इन्स्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’ आणि ‘सर्कमस्पेक्ट’ एकमेकांच्या आधाराने टिकतात. मात्र व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू नये; ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘अज्ञानी’ असा होता.

उजळणीसाठी कार्डे करावीत आणि ती पेटीच्या कप्प्यांत ठेवावीत. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी पुन्हा समोर येते. चुकले की ते पहिल्या कप्प्यात परतते. एक दिवस, तीन दिवस, आठवडा, पंधरवडा असे अंतर ठेवता येईल. कार्डावर शब्द लिहून अर्थ विचारण्यापेक्षा रिकामी जागा सोडलेले वाक्य लिहावे आणि शब्द आठवावा, कारण ओळखणे सोपे असते आणि लिहिताना नेमके आठवणेच लागते.

आठवड्यातून एकदा, त्या आठवड्यातील दोन-तीन शब्द खरोखर बसतील अशा विषयावर एक परिच्छेद लिहावा. जो शब्द स्वतःच्या तीन वेगळ्या वाक्यांत सहज आला, त्याचे कार्ड काढून टाकावे. पेटीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या आणि लिहिताना एकदाही गरज न पडलेल्या शब्दाचे कार्डही खुशाल काढावे. गरज पडेल तेव्हा तो वाचनात पुन्हा भेटेलच.