उपग्रहाच्या प्रतिमेवरून दुष्काळ जोखताना या चुका टाळा

पावसाने ओढ दिली की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर 'इस्रो'च्या उपग्रहांच्या प्रतिमा फिरू लागतात. एका प्रतिमेत तालुका हिरवागार दिसतो, दुसरीत तोच तालुका करपलेला दिसतो, आणि दोन्ही प्रतिमा खऱ्या असू शकतात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार दुष्काळ ठरवताना पाऊस, पेरणी आणि जमिनीतील ओलावा यांच्या जोडीने उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांकही, म्हणजे पिकांची आणि झाडोऱ्याची हिरवळ दाखवणारा आकडाही, विचारात घेतला जातो. त्यामुळे ग्रामसभेत, निवेदनात किंवा बातमीत प्रतिमा चुकीची वाचली गेली, तर गावाची रास्त मागणीही कच्ची पडते.

पहिली चूक तारखेची, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी हीच आहे. 'इस्रो'चे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ उघडल्यावर समोर येणारा नकाशा आजचा नसतो. तो वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा जोडून तयार केलेला असतो. ठरावीक तारखेची प्रतिमा हवी असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भूनिधी' संकेतस्थळावर नोंदणी करून ती शोधावी. मात्र तारीख मिळाली तरी तुलना कोणत्या काळाशी करायची, हा प्रश्न उरतोच. जूनअखेर पेरलेले सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी पिवळे पडते, पाने गाळते, आणि त्याबरोबर निर्देशांकही घसरतो. ती घसरण पीक पक्व झाल्याची असते, करपल्याची नव्हे. याच्या उलट प्रकार अधिक फसवा असतो. पेरणी तीन आठवडे लांबली असेल, तर त्याच सुमारास सोयाबीन अजून हिरवे असते, आणि केवळ मागील वर्षाच्या त्याच पंधरवड्याशी ताडून पाहणारा माणूस यंदाचे पीक सरस असल्याचा निष्कर्ष काढतो, जेव्हा प्रत्यक्षात शेंगा भरण्याच्या वेळी ओलावाच उरलेला नसतो. म्हणून एका तारखेवर विसंबू नये. जून ते ऑक्टोबर असा संपूर्ण हंगामाचा आलेख काढावा आणि त्याच्या शेजारी गावातून विचारून घेतलेली पेरणीची तारीख लिहावी.

दुसरी चूक तालुक्याच्या सरासरीची. मांजरा नदीच्या काठचा आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रातला ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो, आणि पाणी मिळत राहिले तर खरीप वाळत असतानाही तो हिरवा राहतो. अशा तालुक्याची सरासरी काढली, की उसाची हिरवळ कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान झाकून टाकते. यावर उपाय आहे, आणि तो फार अवघड नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्याची प्रतिमा घ्यावी. भर उन्हाळ्यात जे हिरवे दिसते ते बहुतांशी ऊस, फळबागा किंवा झाडी असते. तेवढे क्षेत्र बाजूला काढून उरलेल्या भागाचाच निर्देशांक मोजावा.

आपल्या शेताचा ठिपका, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, शोधणाऱ्यांनी आधी गुंठ्यांचा हिशेब करावा. 'रिसोर्ससॅट-२' आणि '२ए' या २०११ व २०१६ मध्ये सोडलेल्या उपग्रहांवरील 'ॲविफ्स' कॅमेरा दर पाच दिवसांनी तोच प्रदेश टिपतो, पण त्याचा एक ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे सुमारे ३१ गुंठ्यांचा असतो. त्याच उपग्रहांवरील 'लिस-३' या दुसऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरचा, साधारण साडेपाच गुंठ्यांचा असतो; मात्र एका उपग्रहाचा तो कॅमेरा त्याच जागी २४ दिवसांनी परततो. एकरभर कापसाचे नुकसान 'ॲविफ्स'वर दाखवू पाहणाऱ्याच्या ठिपक्यात बांधावरची लिंबाची झाडे आणि शेजाऱ्याची तूरही मिसळलेली असते.

प्रतिमेत लाल रंग पाहून आग किंवा होरपळ समजू नये. नेहमीच्या कृत्रिम रंगसंगतीत जोमदार पीकच लाल दिसते.

खरिपात ढगांचा अडथळा येतो, आणि ढगाची सावली ओल्या काळ्या रानावर पडली की ती पाण्यासारखी भासते. अशा वेळी २०२२ मध्ये सोडलेल्या 'ईओएस-०४' या रडार उपग्रहाची प्रतिमा उपयोगी पडते, कारण रडार ढगांच्या आरपार पाहते. रडारवर शांत पाणी काळे दिसते. परंतु जलपर्णीने झाकलेला तलाव उजळ दिसून नजरेतून सुटतो, आणि सपाट, कोरडे माळरान कधी कधी पाण्याइतकेच गडद दिसते. त्यामुळे ढग नसलेल्या दिवसाची एखादी प्रतिमा जोडीला ठेवावी.

धरणाच्या बाबतीत प्रतिमेवरून पाण्याचा पसारा कळतो, खोली कळत नाही. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, उथळ आणि पसरट आहे. पातळी थोडी उतरली तरी पाणी काठापासून बरेच मागे सरकते, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. ती हिरवळ शेवाळ किंवा पाणवनस्पती म्हणून मोजल्याने गफलत होते. साठा सांगायचा असेल तर जलसंपदा विभागाचा त्या दिवसाचा आकडाच घ्यावा.

उपग्रहाने मोजलेले तापमानही असेच जपून वापरावे. ते जमिनीच्या पृष्ठभागाचे असते. एप्रिलच्या दुपारी नांगरलेली काळी जमीन सावलीतल्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, त्यामुळे तो आकडा 'आजचे तापमान' म्हणून छापू नये.

भूजलाचा अंदाज यांपैकी कोणत्याही प्रतिमेवरून थेट करता येत नाही. बेसॉल्ट खडकातील भेगांच्या रेषा प्रतिमेत ओळखता येतात आणि विहिरीची जागा निवडताना त्यांची मदतही होते, पण त्या भेगांत आज पाणी किती आहे, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागाव्यात. त्या ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार महिन्यांत घेतल्या जातात. निवेदनाला ऑक्टोबरची नोंद जोडली, तर पावसाळ्यात जमिनीत किती पाणी मुरले हे लगेच दिसते.