समोरच्याला टेन्शन आलंय का, हे पापण्यांवरून कसं ओळखायचं

लातूरला मी पोरापोरींचे मॉक इंटरव्ह्यू घेतो. मागं धारूरकडची एक पोरगी आली होती, सगळं फडाफडा सांगत होती, पण 'वडील काय करतात' विचारलं अन् तिच्या पापण्या अशा फडफडायला लागल्या की शेजारी बसलेले सर हळूच म्हणाले, ही काहीतरी लपवायलीय बघा. असा निकाल लगेच लावू नका हो, मला ते फार लागतं. आधी नीट बघायचं कसं ते सांगतो.

पहिलं म्हणजे त्या माणसाचं नॉर्मल किती ते बघा. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी लववतो, बोलताना 26 च्या आसपास, अन् वाचताना जेमतेम 4-5. म्हणून गप्प बसलेल्याची तुलना बोलणाऱ्याशी करायची नाही. प्रवास कसा झाला, जेवलीस का, असं साधं बोलत राहा अन् तेव्हाच अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. बोलता बोलता मोजणं जमत नाही, त्यापेक्षा विचारून मोबाईलवर व्हिडिओ काढा अन् नंतर कागदावर रेघा मारा.

मग डोळ्याची कारणं बाजूला काढा. एप्रिल-मे मधली आपल्याकडची धूळ, तोंडावर फिरणारा कूलर, लेन्स, रात्रीचं जागरण, ह्यानं पण पापण्या लवणं वाढतं.

आता कोणत्या प्रश्नाला आकडा चढला ते लिहा. 1996 ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये जोसेफ टेक्सी (Tecce) ह्या मानसशास्त्रज्ञानं दोन्ही उमेदवारांच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजलं होतं, बॉब डोल मिनिटाला 147 अन् क्लिंटन 99. एवढ्या मोठ्या माणसांचं असं होतं तर आपल्या 22 वर्षांच्या लेकराचं काय घेऊन बसलात.

अन् हे तर पक्कं ध्यानात ठेवा, फडफड म्हणजे खोटं नाही. शॅरन लील अन् आल्डर्ट व्रीज ह्या मानसशास्त्रज्ञांच्या 2008 च्या प्रयोगात खोटं बोलताना पापण्या उलट कमी लवल्या, कारण डोकं गोष्ट रचण्यात गुंतलेलं असतं, अन् बोलून झाल्यावर एकदम जास्त लवल्या. खरं-खोटं ओळखण्यावरचे ढीगभर प्रयोग 2006 मध्ये एकत्र करून बघितले तर माणसांचा अंदाज 54 टक्केच बरोबर निघाला, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच की.

आकडा चढला की तुम्ही थांबा. पाणी पुढं करा, आवाज खाली आणा, 'सावकाश सांग बाळा' म्हणा अन् तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारा. घाई केली की पोरगं अजून अडकतं.

त्या पोरीला मी पाणी दिलं अन् गप्प बसलो. मग तिनं सांगितलं, आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात आहेत, दोन दिवस झाले फोन लागंना.