वर्ग बहुपदीचा आलेख उभ्या अक्षाला कुठे छेदतो?

उभ्या अक्षावर कुठेही बोट ठेवा, त्या बिंदूचा क्ष-निर्देशक शून्यच असतो. म्हणून करायचं एवढंच: समीकरणात क्ष = ० ठेवून य ची किंमत काढायची. सूत्र वगैरे पाठ करायची गरज नाही.

य = २क्ष² − ७क्ष + ३ घ्या. क्ष शून्य केला की पहिली दोन पदं गळतात, उरतात ३. आलेख (०, ३) मधून जाणार. स्थिर पदच (क्ष नसलेलं पद) नसेल, जसं य = क्ष² + ४क्ष, तर तो थेट आरंभबिंदूतून, म्हणजे (०, ०) मधून जातो.

मार्क जातात ते इथे: य = २(क्ष − ३)² − ५. शेवटचे −५ दिसले की पोरं (०, −५) लिहून मोकळी होतात. पण −५ ही शिरोबिंदूची, म्हणजे आलेखाच्या सर्वांत खालच्या टोकाची उंची, आणि तो बसलाय क्ष = ३ वर. आपल्याला हवी क्ष = ० वरची किंमत. कंसापासून सुरुवात करा: ० − ३ = −३, त्याचा वर्ग ९, दुप्पट १८, त्यातून ५ गेले, १३. बिंदू (०, १३). वर्ग आधी, गुणाकार नंतर. घाईत −३ ला आधी २ ने गुणलंत तर वर्ग ३६ होतो आणि उत्तर ३१ वर जातं. ताळा पाहायचा तर कंस सोडवा: २क्ष² − १२क्ष + १३. शिवाय आलेख क्ष = ३ या रेषेभोवती सममित असल्यामुळे (६, १३) हा बिंदू फुकटात मिळतो.

अवयव दिले असतील तर आणखी सोपं. य = (क्ष − २)(क्ष + ६) मध्ये −२ × ६ = −१२. डावीकडे २य असेल तर मात्र आधी सगळ्याला २ ने भागा.

आणि समीकरण न देता नुसता तक्ता दिला तर? समजा क्ष = १, २, ३ ला य = २, ३, ६. लागोपाठचे फरक १ आणि ३, म्हणजे फरक दरवेळी २ ने वाढतोय. वर्ग बहुपदीत ही वाढ कायम राहते. मग १ च्या आधीचा फरक −१ असणार. २ मधून −१ वजा केले की ३. पुन्हा (०, ३), पण आलेख वेगळा: य = क्ष² − २क्ष + ३.

आडव्या अक्षाला वर्ग बहुपदीचा आलेख दोनदा छेदतो, एकदाच टेकतो किंवा अजिबात छेदत नाही. उभ्याला मात्र नेमका एकदाच. तुमच्या वहीत दोन ठिकाणी छेदत असेल तर खोडरबर काढा.