गिटारवर पंचमांची उतरंड

माझं लहानपण मिरजेतलं, सतारमेकर गल्लीपासून दोन बोळ सोडून. शाळेतून येताना कुठल्या ना कुठल्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावणं चाललेलं असायचं. एकच तार छेडायची, घोडीवर कानस फिरवायची, परत तीच तार. घरात आईचा तंबोरा होताच. आता सांगलीत विश्रामबागेत गिटार शिकवते, पण कॉर्ड म्हटलं की माझ्या कानात आधी सा आणि प येतात. गंधार मागाहून.

पुस्तकात कॉर्ड म्हणजे सा-ग-प. इथं दुसरा रस्ता सांगते: पंचमावर पंचम, त्यावर पंचम. मडक्यांची उतरंड रचतात तशी, मोठं मडकं खाली.

सुरुवात पोरांच्या लाडक्या पॉवर कॉर्डनं. "ताई, ते दोन बोटांचं रॉकवालं दाखवा की!" सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट (दांडीवरची आडवी पट्टी), पाश्चात्य नावानं जी हा स्वर. पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, डी. जीला सा धरलं तर डी हा त्याचा पंचम. आता डीलाच सा समजा आणि त्याचा पंचम शोधा: चौथी तार, सातवा फ्रेट, ए. मूळ सा धरून मोजलं तर हा वरच्या सप्तकातला रिषभ. ३-५-७, झाली तीन मडक्यांची उतरंड. तर्जनी, मधलं बोट, करंगळी. हात ताणला जातो, म्हणून पहिल्या दिवशी इथं नका करू. ७-९-११ वर करा, तिथं फ्रेट जवळ-जवळ असतात. मनगट दुखलं की थांबायचं, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी ऐकत नाही.

दर तारेला दोन फ्रेट पुढं, हा नियम तिसऱ्या तारेपर्यंत चालतो. तिसरीवरून दुसरीवर जाताना तीन फ्रेट पुढं जायचं, कारण जी आणि बी या तारांमधलं अंतर बाकीच्यांपेक्षा एका फ्रेटनं कमी आहे. इथं निम्मे लोक चुकतात आणि गिटारला शिव्या देतात.

आता स्वर मोजा. साचा पंचम प, पचा रे, रेचा ध, धचा ग, गचा नी, नीचा तीव्र म. पहिली पाच मडकी म्हणजे सा रे ग प ध, अख्खा भूप. सातही घेतली की यमन. आईनं मला सगळ्यात आधी शिकवलेले दोन राग एका उतरंडीत निघाले, तेव्हा मी परत एकदा बोटांवर मोजलं होतं.

पण सरळ रचत गेलं तर ३-५-७-९ लाच हात संपतो. इथं मोकळ्या तारा कामाला येतात. हे करून बघा, जाड तारेकडून बारीककडे वाचा:

३ × ० २ × ०

मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. त्याच्याच टोकानं पाचवी तार हलकी दाबून मुकी करा. चौथी मोकळी. तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, जरा आडवी, म्हणजे दुसरी तारही मुकी होते. पहिली मोकळी. वाजलं काय? जी, डी, ए, ई. सा प रे ध, एकही स्वर खाली-वर न सरकवता, एकावर एक खरेखुरे तीन पंचम. पाश्चात्य पद्धतीनं लावलेल्या व्हायोलिनच्या चार तारा याच, फक्त आपण एक सप्तक खाली. ताण शून्य.

आता तर्जनी उभी करा, दुसरी तार बोलू द्या: ३ × ० २ ० ०. बी आला, म्हणजे गंधार. तो खरं तर ईच्या वर बसायचा, आपण एक सप्तक खाली घेतला. भूप पुरा. पुढं तर्जनी दुसऱ्या फ्रेटला शेवटच्या तीन तारांवर आडवी टाकली, ३ × ० २ २ २, की ध आणि ग जातात आणि नी, तीव्र म येतात. यमनचा रंग लगेच दिसतो. माझं मत विचाराल तर चार मडक्यांची कॉर्ड सगळ्यात देखणी. पुढं गर्दी होते.

उतरंड उलटीही होते. सा वरून प हा पंचम, पण प वरून वरचा सा मोजला तर सा-म एवढंच अंतर. × ३ २ २ ३ ३ वाजवा: सी, ई, ए, डी, जी. सीला सा धरलं तर पुन्हा भूपाचेच पाच स्वर, पण ई पासून वर प्रत्येक पायरी मध्यमाची. हिच्यात मोकळी तार नाही, त्यामुळे उचलून कुठल्याही फ्रेटला नेता येते. आधीच्या मोकळ्या तारांच्या कॉर्डना मात्र कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावावा लागतो.

सुराबद्दल एक गोष्ट, माझ्या फजितीसकट. एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाआधी मी ट्यूनर बाजूला ठेवून गिटार हार्मोनिकवर, म्हणजे तार न दाबता फ्रेटवर नुसती शिवून काढलेल्या स्वरांवर लावली, पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे जोडत, तंबोरा लावावा तशी, कंप पूर्ण थांबेपर्यंत. बीची तारही सहावीच्या सातव्या फ्रेटवरून मिळवली. प्रत्येक जोडी काचेसारखी स्वच्छ. आणि पहिलाच साधा जी कॉर्ड आंबट! कारण शुद्ध पंचम ३:२ चा, म्हणजे सुमारे ७०२ सेंट (एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट). गिटारचे फ्रेट ७०० वर बसवलेले. दोन सेंट कुणाला कळतात, पण चार पंचम चढून आलेला गंधार ४०८ वर जातो. फ्रेटवरचा ४००, आणि तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप बोलणारा स्वयंभू गंधार ३८६. तेव्हापासून गिटार ट्यूनरवरच लावते, आणि गंधार घेतलाच तर बारीक तारेवर, हलक्या हातानं.

म्हणूनच गाणाऱ्याच्या साथीला मी सा-प-रे-ध वर थांबते. ग मोकळा राहतो, गाणारा त्याला हवा तिथं लावतो. भीमपलासात ग आणि नी कोमल, तरी ही कॉर्ड चालते, कारण हे चारही स्वर त्यात शुद्धच आहेत. भैरवात फक्त सा आणि प. रे आला की घोटाळा. मालकंसात पंचमच नाही. परवा इंजिनिअरिंगच्या एका पोरानं विचारलंच, "मग ताई, तिथं काय?" सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट धर म्हटलं, आणि पाचवीवरही तिसराच. सा आणि म. एवढंच वाजव, आणि गप्प बस.