किंचेगाच्या मेंढ्यांच्या मुलुखात एक दिवस : या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम भागात, डार्लिंग नदीकाठच्या मेनिंडी गावाजवळ किंचेगा राष्ट्रीय उद्यान आहे. १९६७ पर्यंत हा सगळा प्रदेश मेंढ्यांच्या एका अवाढव्य स्टेशनचा, म्हणजे मेंढीपालनाच्या मालमत्तेचा भाग होता. १८७५ साली उभारलेली तिथली लोकर कातरण्याची शेड आजही उभी असून, स्टेशनच्या हयातीत तिथे सुमारे ६० लाख मेंढ्यांची लोकर उतरवली गेली. सिडनी किंवा मेलबर्नहून जवळच्या ब्रोकन हिल शहरापर्यंत जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, अशी ही जागा आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शेडसमोर छायाचित्रे काढून लगेच परत फिरणे. रिकामी शेड पत्र्याचे गोदाम वाटते, कारण पाहणारा माणसांच्या दाराने आत शिरतो. त्याऐवजी मेंढी ज्या वाटेने आत येई, त्या वाटेने, म्हणजे मागच्या वाड्यांपासून सुरुवात करावी. ओली लोकर कातरता येत नाही आणि गासडीत बांधली तर खराब होते, म्हणून मेंढ्यांना आधी छपराखाली कोरडे ठेवत. लेंड्या खाली पडून जाव्यात यासाठी तिथली जमीन फटी ठेवून पट्ट्यांची केलेली असते. तिथून मेंढी कातरणाऱ्याच्या हाती येई आणि कातरून झाली की उतरणीवरून खालच्या मोजणीच्या वाड्यात जाई. कातरणाऱ्याची मजुरी मेंढ्यांच्या संख्येवर ठरत असल्याने त्या वाड्यातील मोजणीवरच त्याची कमाई अवलंबून असे. लोकर मात्र टेबलावर पसरली जाई, तिच्या कडेचा मळकट भाग काढला जाई, मग प्रतवारी होई आणि शेवटी दाबयंत्रात गासडी बांधली जाई. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी होते; इथल्या मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर अंगावरच्या तलम कपड्यांसाठी जगभर जाई, त्यामुळे प्रतवारी करणाऱ्याच्या नजरेला इथे फार मोल होते. हा क्रम ध्यानात ठेवून चालले की प्रत्येक फळी आणि फाटक कशासाठी आहे ते उलगडत जाते. अशा शेडमधले खांब वर्षानुवर्षे लोकरीतील मेण लागून गुळगुळीत झालेले असतात. त्यांवर नावे कोरणे अक्षम्य आहे.

दुसरी चूक म्हणजे शेड पाहून नदी वगळणे. रेल्वे येण्यापूर्वी लोकर वाफेच्या बोटींतून जाई आणि पाणी ओसरले की ती महिनोन्महिने अडकून पडे. १८७२ साली ‘प्रॉव्हिडन्स’ नावाच्या बोटीचा बॉयलर किंचेगाजवळ फुटला. त्याचे अवशेष उद्यानात पाहायला मिळतात.

हा मुलुख मेंढ्या येण्यापूर्वी ओसाड होता असे समजणे ही मात्र निव्वळ चूक नव्हे, अन्याय आहे. इथले मूळ रहिवासी असलेले बार्किंजी लोक या नदीला बाका म्हणतात आणि त्यांच्या असंख्य पिढ्या तिच्या काठी जगल्या आहेत. वाटेत दगडी हत्यारे किंवा शिंपल्यांचे जुने ढीग दिसले तर त्यांना हात लावू नये. तशी वस्तू उचलून नेणे गुन्हा आहे. मेंढ्यांची अतोनात संख्या, सशांचा सुळसुळाट आणि १८९० च्या दशकात सुरू झालेला दीर्घ दुष्काळ यांमुळे जमिनीची इतकी हानी झाली की या पश्चिम विभागाच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. लोकरीच्या वैभवाची ही दुसरी बाजू पाहिल्याशिवाय शेड पुरती कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रवासातील चुका नेहमीच्याच आहेत, पण इथे त्या महाग पडतात. ब्रोकन हिल ते मेनिंडी हा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता डांबरी असला, तरी उद्यानातले रस्ते मातीचे आहेत. थोड्या पावसातही ती माती घसरडी होते आणि रस्ते बंद केले जातात; बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो. म्हणून निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती तपासावी आणि भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू आहे का, हे करारात वाचून घ्यावे. ब्रोकन हिलमध्ये साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ चालते, मेनिंडीत न्यू साउथ वेल्सची, त्यामुळे मेनिंडीचे घड्याळ अर्धा तास पुढे असते. मार्गदर्शकाची वेळ ठरवली असेल तर हे आवर्जून विचारावे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून पाणी भरपूर न्यावे, मोबाइलच्या जाळ्यावर विसंबू नये, आणि गाडी बंद पडलीच तर ती सोडून पायी निघू नये, कारण शोध घेणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

परतीची वेळ दुपारीच ठरवावी. संध्याकाळी कांगारू आणि एमू अचानक रस्त्यावर येतात. एवढ्यात मन भरत नसेल, तर अंधारात गाडी हाकण्यापेक्षा, कातरणाऱ्यांच्या जुन्या निवासांत मुक्कामाची सोय आहे, ती आधी आरक्षित करावी.