कागदी घोडे नाचवायचे नाहीत, विकायचेत

आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणीचा नाच होतो ना, कमरेला घोडा, हातात तलवार, फुलांनी भरलेला फेटा, तोच गडी मी कागदाच्या लगद्याचा वीतभर करतो आणि इन्स्टावर टाकतो. दिवाळीआधी नरकासुराचे छोटे मुखवटे पण करतो. आम्हीपण करतो पण विकायचं कसं असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

विक्री वाळवणापासून सुरू होते. हसू नका. माझी पहिली ऑर्डर पुण्याची, भर जुलैत, घोडा वरून कोरडा लागला म्हणून रंग वार्निश मारून पाठवला आणि चार दिवसांनी फोटो आला, पोटाखाली हिरवी बुरशी, खाली लिहिलेलं "दादा याला वास येतोय". पैसे परत केले, दुसरं काय करणार. वर वार्निश मारलं की आतली ओल अडकून बसते. आता रोज सकाळी घोडा किचनच्या वजनकाट्यावर ठेवतो, आकडा वहीत लिहितो, लागोपाठ तीन दिवस वजन उतरलं नाही की मगच प्रायमर. आणि अंगं सगळी एप्रिल-मेच्या उन्हात करून ठेवायची, पावसात फक्त रंगकाम. लगदा एकदम जाड थापू नका, पातळ थर द्या, एक वाळला की दुसरा. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कीड-बुरशी कमी लागते, पण ते विष आहे, भांडं वेगळं ठेवा आणि गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा की हे शोपीस आहे, पोरांचं खेळणं नाही.

फोटो सकाळी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत काढा, सावलीत, मागे चिऱ्याची भिंत असली तर रंग छान उठतात. फ्लॅश नको, वार्निश चकाकतं. शेजारी नारळ ठेवायचा, साइज लगेच कळते, नाहीतर वीतभर वस्तू लोकांना हातभर वाटते आणि मग कटकट. मागची बाजू, तळ, कुठे रंग कमीजास्त झाला असेल ते पण दाखवा. तयार घोड्यापेक्षा डोळे रंगवतानाची रील जास्त चालते हा माझा अनुभव, आणि खाली दोन ओळी लिहा की घोडेमोडणी म्हणजे काय. मुंबईच्या एका बाईंनी विचारलं होतं नरकासुर घरात ठेवतात का, म्हटलं आम्ही तर तो पहाटे जाळतो, तुम्ही भिंतीवर लावा, जाळायचा की नाही तुमचं तुम्ही बघा :) घेतला त्यांनी.

आता कुरियर, इथे नवीन माणूस हमखास फसतो. बरेच कुरियरवाले नुसतं खरं वजन बघत नाहीत, खोक्याच्या मापाचंही काढतात आणि जास्त असेल ते धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ४० बाय ३० बाय ३० चं खोकं ७.२ किलो धरतात, आत घोडा ६०० ग्रॅमचा का असेना. म्हणून मी तलवार आणि शेपूट सुटी करतो, भोकात बसवायची, खोकं लहान होतं आणि मोडतोडही कमी, कारण मोडतं ते नेमकं हेच, आणि कान. कानाला आधी मऊ कागद, मग बबल रॅप, मग खोक्यात खोकं, मध्ये चुरगळलेली रद्दी, वरून प्लास्टिक आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. हलवून बघा, आवाज आला तर परत उघडा.

किमतीत रंग-कागद धरतात सगळे, तास कोणी धरत नाही. ते वहीत लिहा, वजनाच्या बाजूलाच. ऑर्डर घेताना निम्मे पैसे यूपीआयवर आधी, बाकीचे पॅकिंगआधी शेवटचा फोटो पाठवून. नरकासुराच्या ऑर्डरी मी गणेश चतुर्थी झाली की बंद करतो, कोणी कितीही मस्का लावला तरी, कारण वाळायला लागणारे दिवस काय गिऱ्हाईकाच्या घाईने कमी होत नाहीत.